हालिनाबाईच्या नावाची सव्वा मूठ

माझा थोरला भाऊ रतिलाल जगाचा भाऊ आहे. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच म्हणतो. त्याच्या टॅबमध्ये 'जगाचं अंगण' नावाचा एक ग्रुप आहे. देशोदेशीचे लोक त्यात आपापले सण, आपापली जेवणं एकमेकांना दाखवतात. तिथं आपल्या फोटोखाली त्यानं लिहून ठेवलंय, 'रतिलाल मास्तर, जगाचा भाऊ, तालुका चोपडा'. ब्राझीलचा एक कॉफीवाला त्याला ब्रदर म्हणतो. केनियाचा एक मास्तर त्याला आपल्या गायी दाखवतो. आणि आमचा सख्खा धाकटा भाऊ अभिमन छातीइतक्या भिंतीपलीकडे राहतो, त्याच्याशी हा रतिलाल, आमचा नाना, अकरा वर्षांत एक शब्द बोललेला नाही. त्याचं नावसुद्धा घेत नाही. 'तो' म्हणतो, नाहीतर 'पलीकडला'.

मी या दोघांच्या मधली, रत्ना. मला धुळ्याला दिलं, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. लोक थोरामोठ्यांची चरित्रं लिहितात, मी या जगाच्या भावाचं लिहिते. कारण मी नाही लिहिलं तर एक दिवस तो स्वतः लिहायला बसेल, आणि त्यात अभिमन कुठंच नसेल.

नानानं छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. स्वतः भुसावळच्या पुढं गेला नाही. पण नकाशावर छडी ठेवून अशा थाटात बोलायचा की पोरांना वाटायचं, मास्तरांचं मामाचं गाव तिथंच आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस किती पडतो ते त्याला झोपेतून उठवून विचारा. घरच्या केळीला पाणी कोणत्या दिवशी सोडायचं ते मात्र विचारू नका, ते सगळं अभिमन बघायचा. नाना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बांधावर उभा राहायचा आणि शेती कशी करावी हे अभिमनला समजावून सांगायचा. अभिमन बिचारा मान हलवायचा आणि आपल्या मनाप्रमाणे पाणी सोडायचा.

नाना निवृत्त झाला तेव्हा पोरानं हा टॅब दिला. तेवढ्यानं भागलं नाही, सून मिळाली ती मोनाली, बी.एस्सी. झालेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. झालं! बिचारीच्या मागं स्वयंपाक, धुणं आणि त्यावर जगाचं दुभाषेपण लागलं. नानाचं इंग्रजी म्हणजे 'व्हेरी गुड', 'अवर कल्चर' आणि 'ओन्ली लव्ह'. बाकीचं मोनालीनं बघायचं. एकदा यानं जगाला वांग्याचं भरीत शिकवलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात चूल पेटवली नाही, तो हातात भाजलेलं वांगं धरून ब्राझीलवाल्याला सांगत होता की याचा खरा वास कापसाच्या काड्यांवर भाजल्याशिवाय येत नाही. काड्या मोनालीनं आणल्या होत्या, वांगं वहिनीनं भाजलं होतं, बोटं माझी पोळली होती. याला सत्तर लाइक आले.

आता गंमत बघा. आमच्या गावात मोबाईलची रेंज यथातथाच. घरात येत नाही, ओट्यावर येत नाही. येते नेमकी त्या भिंतीपाशी. म्हणून नाना रोज सकाळी खुर्ची उचलून भिंतीला पाठ लावून बसतो आणि जगाशी बोलतो. आणि त्याच वेळी पलीकडे अभिमन तुळशीला पाणी घालायला येतो. म्हणजे जगाला रोज आधी नाना दिसतो, आणि त्याच्या खांद्यामागं एक टोपीवाला म्हातारा दिसतो. नानाला काही तो दिसत नाही, त्याची पाठ आहे ना तिकडे.

भांडण कशावरून, ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. आई गेली, तिचं दहावं तापीच्या काठावर होतं. आदल्या दिवशी केळीचे घड कापून ठेवलेले, सकाळी गाडी भरायची होती. नानानंच अभिमनला सांगितलं, तू गाडी भरून ये, इथलं मी बघतो. मी तिथं होते, माझ्या कानांनी ऐकलं. मग नानानं पिंड ठेवला. कावळा येईना. झाडावर सात-आठ बसलेले, एक खाली उतरेना. नानानं हात जोडून आईला सांगितलं, बाग वाढवीन, घर सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही. दीड तास झाला. भटजीसुद्धा कंटाळले आणि दर्भाचा कावळा करायला निघाले. तेवढ्यात अभिमन धावत आला, अंगात केळीच्या चिकानं काळा झालेला सदरा. त्यानं नुसते हात जोडले, तोंडातून शब्द काढला नाही, आणि कावळ्यानं झडप घातली. सगळी भाऊबंदकी म्हणाली, म्हातारी धाकट्याचीच वाट पाहत होती.

नानाला ते सहन झालं नाही. तिथंच, ओल्या धोतरानं, सगळ्यांसमोर म्हणाला की याला आईपेक्षा केळीचे घड प्यारे. अभिमन म्हणाला, तूच तर पाठवलं होतं. नाना म्हणाला, मी पाठवलं नव्हतं. बस. त्या दिवसापासून मास्तरानं आपल्या तोंडचा शब्द गिळला तो गिळला. एका कावळ्यानं दोन भाऊ वेगळे केले म्हणतात लोक. मी म्हणते, कावळ्यावर कशाला ढकलता?

शेत वाटलं गेलं, घरात भिंत आली. पण कानबाईचा नारळ थोरल्याकडे राहिला, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. घरच्या नारळाला नथ, डोळे लावून देवी चौरंगावर बसवायची आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे प्रसादाच्या गव्हाच्या पोळ्या, करायचे. रोटाचे गहू मोजायची रीत आहे. घराण्यातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. थोरल्यानं मूठ टाकायची आणि नाव घ्यायचं. ज्याची मूठ पडली तो घराण्यात धरला. नवं पोर जन्मलं की त्या वर्षी त्याची पहिली मूठ पडते, मग ते पोर कानबाईचं झालं असं मानतात. आणि रोट खायचा तो फक्त भाऊबंदांनी. परक्याला घास द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचा, उरला तर पुरायचा. लेक लग्न होऊन गेली की तिलाही चालत नाही. मी त्या घरात जन्मले, पंचेचाळीस वर्षं दर कानबाईला येते, लाल भोपळा चिरते, पुरण वाटते आणि रोटाच्या वेळेला ओसरीवर जाऊन बसते. रीत आहे, माझी तक्रार नाही. निदान गेल्या श्रावणापर्यंत नव्हती.

अकरा वर्षं अभिमनची मूठ पडली नाही. नारळ थोरल्याकडे, त्यामुळे त्याला वेगळी कानबाईही बसवता येत नाही. त्या रविवारी तो आणि त्याची बायको ताईबाई साधी भाकर खातात. त्याचा मुलगा स्वप्नील सुरतेला असतो. गेल्या ज्येष्ठात त्याला मुलगा झाला. मी आल्याबरोबर आधी अभिमनकडे गेले, तर त्यानं पोराचा फोटो दाखवला. मग म्हणाला, "अक्का, नानाले सांग, मनी मूठ नको टाकू. पन त्या पोऱ्यानी टाक. त्यानी कोनं काय बिघाडं?"

या माणसानं अकरा वर्षांत काही मागितलं नव्हतं, आता मागितली तीही नातवाची मूठ, स्वतःची नव्हे. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, सांगते, आणि टाकायलाच लावते.

नानाला सांगितलं, तर त्यानं टॅबवरून नजर काढली नाही. पाहू, म्हणाला. आधी हा कार्यक्रम पार पडू दे. कसला कार्यक्रम? तर कानबाई जगाला दाखवायची होती. पोलंडची हालिनाबाई खास बघणार होती.

या हालिनाबाईबद्दल सांगायला हवं. बाई साठीची, शाळेत ग्रंथपाल होती, एकटी राहते. माझं तिच्याशी काही वाकडं नाही. बाई चांगली आहे, वाईट एवढंच की तिला आमचा नाना खरा वाटतो. डिसेंबरात तिनं नाताळच्या आदल्या संध्याकाळचं आपलं टेबल दाखवलं होतं. पाहुणे धरून माणसं चार आणि ताटल्या पाच. पाचवी कोणाची, तर जो अचानक दारात येईल त्याची. त्यांच्याकडे तशी रीतच आहे, म्हणाली. नाना त्या ताटलीनं असा भारावला की विचारू नका. डोळे पुसले. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याखाली अर्धा तास भाषण केलं, विषय 'रिकामी ताटली आणि विश्वबंधुत्व'. पोरं उन्हात उभी. पहिल्या रांगेत सरपंच आणि मागं, शाळेच्या फाटकाशी, सायकल धरून अभिमन. त्यानं सगळं भाषण ऐकलं आणि निघून गेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगीच नाही.

तर शनिवारी सकाळी गहू मोजायचे ठरले. नानानं चौरंग, परात, गव्हाचं पोतं सगळं भिंतीपाशी मांडायला लावलं, रेंज तिथंच ना! मोनाली टॅब धरून उभी. हालिनाबाईकडे सकाळचे सात, बाई हातात चहाचा पेला घेऊन बसलेली. मी परातीशेजारी बसले. भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज येत होता, मग थांबला. अभिमन तुळशीपाशी उभा होता. आज तो नुसता पाणी घालायला आला नव्हता, मोजणी ऐकायला आला होता.

नानानं मूठ भरली. स्वतःचं नाव घेतलं, पोराचं घेतलं, दोन नातवांचं घेतलं, मग चुलत भावांचं, पुतण्यांचं. दर नावाला मोनाली इंग्रजीत सांगायची, हा अमका, हा तमका. मी एकेक नाव मोजत होते. शेवटचा चुलतपुतण्या झाला. नाना थांबला. त्यानं परत पोत्यात हात घातला, आणि खोटं कशाला सांगू, मला वाटलं, आता म्हणतो. मी भिंतीकडे पाहिलं. अभिमननं टोपी काढून हातात घेतली होती.

नाना कॅमेऱ्याकडे बघून हसला. म्हणाला, आता एक मूठ आमच्या पोलंडच्या बहिणीची. अवर सिस्टर हालिना. आणि टाकली की परातीत, सव्वा मूठ!

वहिनीच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं हळूच सांगितलं, अहो, पडलेली मूठ परत काढता येत नाही. नाना म्हणाला, काढायची कशाला? आपली संस्कृती एवढी कोती नाही. अगं बाई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी याच्या पाठीला पाठ लावून जन्मलेली, माझी मूठ कधी पडली नाही, तेही सोडा. सख्ख्या भावाचा नातू रांगेत उभा आणि मूठ गेली पोलंडला!

मोनालीनं ते इंग्रजीत सांगितलं. हालिनाबाईला भरून आलं, तिनं छातीवर हात ठेवला. आणि मग तिनं सरळपणानं एक प्रश्न विचारला. मोनाली सांगायला तयार होईना. नाना म्हणाला, सांग, सांग, काय म्हणते? तेव्हा तिनं खाली बघत सांगितलं, "त्या विचारतायत, तुमच्या मागं रोज दिसतात ते आजोबा कोण? त्यांची मूठ टाकली का?"

नाना मागं वळला नाही. मागं कोण आहे हे त्याला ठाऊक होतं, वळायची गरज काय? त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "शेजारी आहे. सांग, नेबर."

छत्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला 'नेबर' शब्द बरोबर येत होता. भिंतीपलीकडे चप्पल वाजली, मग दार लागलं. हालिनाबाईनं 'ओके' म्हणून मान हलवली. बाईला बिचारीला काय कळणार?

रविवारी कानबाई बसली. फुलोरा टांगला, बायकांनी गाणी म्हटली, नानानं टॅब फिरवून फिरवून सगळं जगाला दाखवलं. केनियावाल्यानं टाळ्या वाजवल्या. मग भाऊबंद रोट खायला बसले, मी ओसरीवर. सगळ्यांचं जेवण झालं, पण सोमवार उजाडला तरी एक वाटा परातीत तसाच. हालिनाबाईचा. तिच्या नावाचा म्हणून भाऊबंदांपैकी कोणी हात लावेना. दुसऱ्याच्या मुठीचं खाल्लं तर दोष लागतो म्हणतात. पोलंडला पाठवावा तर रोट शिवेबाहेर जात नाही. मला द्यावा तर मी परक्या घरची. पुरावा तर उरलासुरला घास पुरतात, एका नावाचा अख्खा वाटा पुरणं अशुभ. आणि पौर्णिमा आली तोंडावर. अशी गोची जगाच्या भावानं करून ठेवली होती, आणि देवीचं काम म्हणून आता त्याला घाम फुटला होता.

मग वहिनी बोलली. चाळीस वर्षांत ती नवऱ्यापुढं दोनदा बोलली असेल, त्यातलं हे एक. म्हणाली, भिंतीपलीकडे घराण्यातला एक पुरुष उपाशी आहे, त्याला द्या. त्याची स्वतःची मूठ पडलेली नाही, तो खाईल तर दोष जाईल.

नानानं खूप वेळ लावला. शेवटी वाटा ताटलीत घेतला, वर तूप वाढलं, आणि स्वतः भिंतीपाशी गेला. मी मागं होते. या वेळी खुर्ची नव्हती, टॅब नव्हता. अभिमन तुळशीपाशी होता. नानानं ताटली भिंतीवर ठेवली. नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाला, हे घे, रोट आहे, उरलाय.

खरंच सांगते, उरलाय म्हणाला. तुझा आहे म्हणाला असता तर काय जीभ झडली असती? पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

अभिमननं ताटलीकडे पाहिलं. अकरा वर्षांनी त्या घरचा रोट हाताच्या अंतरावर होता. मग तो अगदी शांतपणानं म्हणाला, "शेजारीले रोट चालस का, नाना?"

आणि तांब्या उचलून घरात गेला.

ताटली तिथंच राहिली. मंगळवारी सकाळी नानानं केळीच्या बागेत जाऊन वाटा स्वतः पुरला. फोटो काढला नाही. मी पिशवी भरली, दहाची धुळ्याची गाडी धरायची होती. तेवढ्यात टॅब वाजला. हालिनाबाई. सवयीनं नाना खुर्ची घेऊन भिंतीपाशी बसला, मोनालीला हाक मारली. बाईनं विचारलं, माझा वाटा कोणी खाल्ला?

नाना म्हणाला, सांग, घरच्यांनी आनंदानं खाल्ला.

मोनालीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टॅबकडे तोंड करून बोलायला लागली. पुष्कळ बोलली. 'घरच्यांनी खाल्ला' एवढं सांगायला इतके शब्द लागत नाहीत, हे मलाही कळत होतं. हालिनाबाईचा हात तोंडावर गेला. नाना विचारत राहिला, काय सांगितलंस, काय म्हणते ती? मग बाई हळू आवाजात एक वाक्य बोलली.

मोनालीनं या वेळी काही झाकलं नाही. म्हणाली, "नाना, त्या म्हणतात, नाताळच्या पाचव्या ताटलीवर या वर्षी त्यांना एक नाव लिहून ठेवायचंय. शेजाऱ्याचं नाव काय, ते विचारतायत."

भिंतीपलीकडे तुळशीवर पाणी पडत होतं. नानाचा चेहरा पांढरा पडला. मी पिशवी खाली ठेवली.

"अभिमन," तो म्हणाला.

अकरा वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून निघालं. पण म्हणाला ते टॅबकडे बघून. भिंतीकडे अजूनही त्याची पाठच होती. पाण्याची धार एकदा थांबली, क्षणभर वाट पाहिली, आणि पुन्हा पडायला लागली. मी पिशवी उचलली आणि गाडीला निघून आले.